उद्याही मिळेल, याची हमी कोण देणार?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जिथं अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.

सुरुवात एका रात्रीपासून करतो. २४ मार्च २०२०, मंगळवार. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. पहिली नोकरी लागून मला काहीच महिने झाले होते आणि पुण्याहून लॅपटॉप घेऊन मी शाहूपुरीतल्या घरी परतलो होतो. राज्यात संचारबंदी आधीच लागली होती. रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि म्हणाले, आज रात्री बारापासून २१ दिवस देश बंद. भाषण संपायच्या आत आईनं कापडी पिशव्या बाहेर काढल्या होत्या.

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात पोचलो तर तीस-चाळीस माणसं एकमेकांच्या अंगावर. मास्क निम्म्यांना नाही. दुकानदार काका घसा फोडून सांगत होते, "अहो, उद्या बी दुकान उघडं हाय की! एवढं नेऊन करताय काय?" कोण ऐकतंय. मी आट्याच्या दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या उचलल्या, पाच किलो साखर, तेलाचे पुडे. घरात आम्ही चौघं. माझ्यामागं एक आजी उभ्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा आटा संपला होता. मला ते दिसलं. मी काही बोललो नाही, गाडीला किक मारली आणि घरी आलो.

आता दुसरी बाजू. माझ्या मावशीला संधिवात आहे. ती कित्येक वर्षं रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी घेते. २१ मार्चला अमेरिकेच्या अध्यक्षांनी या गोळीचं ट्विटरवर तोंड भरून कौतुक केलं. पाठोपाठ आपल्या आयसीएमआरनं कोरोना रुग्णांजवळ काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि रुग्णांच्या घरच्यांनी ती खबरदारी म्हणून घ्यावी असं सुचवलं. सल्ला एवढ्यांपुरताच होता. पण गोळी सगळ्यांनीच घरात आणून ठेवली. २६ मार्चला केंद्र सरकारनं तिच्या विक्रीवर कडक निर्बंध घातले, तोवर मावशी तीन मेडिकल फिरून रिकाम्या हातानं परतली होती. आमच्या घरात वीस किलो पीठ, आणि मावशीची गोळी कुणाच्या तरी कपाटात. त्या रात्री मी त्या आजींशी जे केलं, तेच कुणीतरी मावशीशी केलं होतं. त्या माणसालाही मी वाईट म्हणू शकत नाही. तोसुद्धा घरच्यांसाठीच घेऊन गेला होता.

म्हणून आजचा प्रश्न असा: साथीच्या काळात लोकांनी दुकानं रिकामी करू नयेत, यासाठी दुकानदारानं, आजच्या भाषेत सुपरमार्केटनं, नेमकं काय करावं? आणि याचं उत्तर शोधताना मी शाहूपुरीतच सव्वाशे वर्षं मागं गेलो.

त्याआधी थोडं गणित. समजा एका दुकानाची शंभर घरं बांधलेली गिऱ्हाइकं आहेत. महिन्याचं सामान प्रत्येक घर एकदा भरतं. म्हणजे दिवसाला तीन-चार घरं. दुकानदार त्या हिशोबानं माल लावतो. आता एका रात्री चाळीस घरं एकदम आली आणि प्रत्येकानं दुप्पट उचललं, तर एका रात्रीत ऐंशी घरांचा महिन्याचा माल गेला. गोदामात माल असेल, गिरण्या चालू असतील, शेतात गहू उभा असेल, तरी रॅक रिकामा. आणि रिकाम्या रॅकचा फोटो व्हॉट्सॲपवर गेला, की उरलेली साठ घरंही निघतात. टंचाई नसताना टंचाई तयार होते. तत्काळ तिकिटाची साइट आठवा. हळू चालते म्हणून सगळे पुन्हा पुन्हा रिफ्रेश मारतात, आणि सगळे रिफ्रेश मारतात म्हणून ती आणखी हळू चालते.

जपानमध्ये १९७३ साली तेलाचं संकट आलं, तेव्हा ओसाकाजवळच्या सेनरी भागात कागद संपणार अशी आवई उठली. बायका टॉयलेट पेपरसाठी रांगा लावून उभ्या राहिल्या आणि ते लोण देशभर गेलं. कारखान्यांत कागद बनतच होता. २०११ मध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना झाल्यावर चीनमध्ये आयोडीनच्या मिठानं किरणोत्सर्गापासून बचाव होतो म्हणून लोकांनी मीठ साठवलं. या प्रत्येक वेळी अधिकारी एकच वाक्य बोलतात: घाबरू नका, साठा पुरेसा आहे. आपल्याकडेही तेच झालं. किराणा, दूध, औषधं चालू राहणार हे गृहमंत्रालयाच्या २४ मार्चच्याच आदेशात लिहिलेलं होतं. पण रांगेतल्या माणसाचा प्रश्न "देशात साठा आहे का?" हा नसतो. "मी आज नाही घेतलं आणि शेजाऱ्यानं घेतलं, तर उद्या मला मिळेल का?" हा असतो. त्या प्रश्नाला "घाबरू नका" हे उत्तरच नाही.

आता शाहूपुरी. आम्ही रोज व्हीनस कॉर्नरवरून जातो, स्टेशनवर जातो, पण ही पेठ वसवलेली आहे हे विसरतो. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. २ एप्रिल १८९४ ला शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला आणि १८९५ मध्ये स्टेशनजवळ ही व्यापारी पेठ उभी राहिली, मुख्यतः गुळासाठी. पेठ नवी, व्यापारी नवे, राजा वीस-एकवीस वर्षांचा. आणि पुढच्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. १८९६-९७ चा दुष्काळ मुंबई इलाख्यात आणि दख्खनमध्ये पसरला, त्यात कोल्हापूर संस्थानही होतं.

दुष्काळात काय होतं? धान्याचा भाव चढतो. ज्याच्याकडे धान्य आहे तो व्यापारी विचार करतो, आज विकलं तर कमी मिळेल, महिन्यानं जास्त. तो माल दाबून ठेवतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो गिऱ्हाईक म्हणतो, उद्या महागणार, आजच भरून ठेवू. काउंटरच्या दोन्ही बाजूंना एकच भीती. आणि मधल्या मध्ये मरतो तो रोज कमावून रोज पायली-दोन पायली आणणारा माणूस.

शाहू महाराज तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे. म्हणजे २०२० मध्ये आट्याच्या पिशव्या उचलणाऱ्या माझ्याच वयाचे. ते स्वतः दुष्काळी भागात फिरले. दरबारनं स्वस्त धान्याची दुकानं उघडली. रोजगारासाठी कामं काढली, तिथं येणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी शिशुगृहं काढली. पण मला सगळ्यात हुशारीची वाटते ती व्यापाऱ्यांशी केलेली बोली. धान्य खरेदीच्या भावानं विका, त्यात जो तोटा येईल तो दरबार भरून देईल.

ही बोली नीट बघा. नुसते छापे घातले असते तर माल आणखी खोल लपला असता. नुसता भाव बांधून दिला असता तर दुकानातून धान्य गायब होऊन मागच्या दारानं विकलं गेलं असतं. महाराजांनी माल दाबून ठेवायचं कारणच काढून घेतलं. व्यापाऱ्याला थांबून तोटा टळत नाही, आणि गिऱ्हाइकालाही घाई करून फायदा होत नाही, कारण उद्याचा भाव आजचाच असणार. कुणीतरी वर उभं राहून म्हणालं, तोटा माझा. मग खालच्यांची धावपळ कमी होते.

दुष्काळ सरतो न सरतो तोच प्लेग आला. लोकांना गाव सोडून बाहेर झोपड्यांत राहायला नेलं गेलं. साथीत माणसं हलवायची तर त्यांच्या खाण्यापिण्याची सोय आधी लागते. म्हणजे पुरवठा आणि आरोग्य ही दोन खाती वेगळी नाहीतच. २०२० मध्ये हेच दिसलं. ज्या गर्दीपासून वाचवण्यासाठी लॉकडाऊन लावला, तीच गर्दी लॉकडाऊनच्या घोषणेनं दुकानासमोर गोळा केली. आमच्या जिल्ह्यात मे २०२१ मध्ये कडक लॉकडाऊन जाहीर झाला, तेव्हाही लागू व्हायच्या आधी बाजारात तीच झुंबड.

मग आजच्या सुपरमार्केटनं काय करायचं? २०२० मध्ये जगात बरेच प्रयोग झाले. डेन्मार्कमधल्या रोटुंडेन नावाच्या सुपरमार्केटनं सॅनिटायझरची एक बाटली ४० क्रोनरला ठेवली, पण दोन घेतल्या तर प्रत्येकी १००० क्रोनर. एक प्रत्येकाला परवडेल, दुसरी कुणालाच नाही. ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्सनं १७ मार्चपासून सकाळी ७ ते ८ हा तास फक्त वृद्ध आणि अपंग गिऱ्हाइकांसाठी राखला. माझ्यामागच्या आजींना हवा होता तो हाच तास. आपल्या सरकारनं १३ मार्चला मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली आणले आणि २१ मार्चला भाव बांधले: २०० मिलीचं सॅनिटायझर १०० रुपये. भाव बांधणं गरजेचंच होतं, पण स्वस्त केलेली वस्तू पहिला आलेला माणूसच दहा नग उचलणार असेल, तर त्या भावाचा मागच्याला उपयोग काय?

म्हणून मर्यादा हवी, आणि ती रॅक रिकामा व्हायच्या आधी हवी. रॅक अर्धा संपल्यावर "एकाला एकच" अशी पाटी लावली, तर लोक ती "संपत आलंय" अशी वाचतात. सर्व्हर कोसळल्यावर रेट लिमिट लावून काय उपयोग? घोषणेच्या पहिल्या तासाला, भरलेल्या रॅकसमोर लावलेली मर्यादा वेगळी दिसते.

पण इथं एक अडचण आहे, ती मला बऱ्याच उशिरा कळली. मर्यादा फार लहान ठेवली, म्हणजे एका फेरीत एकच पुडा, तर माणूस रोज दुकानात येणार. साथीत तेच नको असतं. म्हणून मर्यादा घरातल्या माणसांप्रमाणे साधारण पंधरा दिवसांची हवी. दोन आठवड्यांचं सामान भरणं ही हाव नाही, उलट शहाणपण आहे. दोन महिन्यांचं भरणं हे दुसऱ्याच्या ताटातलं.

आणि शेवटी, शाहू महाराजांची बोली. सुपरमार्केटमध्ये बिल करताना आपला मोबाइल नंबर मागतात की नाही? म्हणजे त्यांच्याकडे माझ्या घराचा महिन्याचा हिशोब आहे. मी महिन्याला किती आटा नेतो, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. एरवी त्या नंबरवर ऑफरचे मेसेज येतात. संकटाच्या रात्री असा मेसेज का येऊ नये: "तुमच्या घरचा ५ किलो आटा १५ तारखेपर्यंत राखून ठेवला आहे. भाव आजचाच राहील. तुमची वेळ शुक्रवारी सकाळी १० ते ११." हे लिहायला फार मोठा प्रोग्रॅम लागत नाही, हे मी धंद्यानं सांगतो. अवघड आहे ते पुढचं. त्या पंधरा दिवसांत ठोक बाजारात भाव चढला, तर फरक कोण सोसणार? १८९७ मध्ये दरबार म्हणाला, आम्ही. आज कंपनी म्हणेल का? सरकार थोडा वाटा उचलेल का? हे आधी ठरलं नसेल, तर तो मेसेज खोटा ठरेल, आणि एकदा खोटा ठरला की पुढच्या साथीत कुणी वाचणार नाही.

मावशीच्या गोळीचं काय झालं? चौथ्या मेडिकलवाल्यानं सोडवलं. त्याच्याकडे थोडाच माल होता. त्यानं त्याच्या जुन्या पेशंटांची यादी वहीत काढली होती. म्हणाला, "चिठ्ठी दावा, धा दिवसांच्या देतो. धा दिसांनी परत या, तुमच्या नावाच्या बाजूला काढून ठेवतो." मावशीनं महिन्याच्या मागितल्याच नाहीत. नाव वहीत आहे म्हटल्यावर तिला गरजच वाटली नाही. दहा दिवसांनी गेली, गोळ्या होत्या.

आणि आमच्या पिठाचं? मे महिन्यात दुसरी पिशवी उघडली तर जाळी धरलेली, आत अळ्या. आईनं चाळून बघितलं, मग गप्प बाहेर टाकलं. त्या आजी पुढं कधीतरी दुकानात भेटल्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी त्यांची पिशवी घरापर्यंत पोचवली, पण त्या रात्रीचं सांगायचं धाडस झालं नाही. आज इथं सांगतोय.

तुमच्या घरी त्या रात्री काय-काय आलं होतं, त्यातलं किती वापरलं, एकदा घरी विचारून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.