भिंतीवरची चित्रे आणि आईवरचा ठपका

स्वमग्न मुलांच्या वर्गात भिंतीवर बहुधा एक उभी पट्टी दिसते. तिच्यावर वरून खाली चित्रे लावलेली असतात: दप्तर, मणी, डबा, झोपाळा, घर. एक काम संपले की मूल त्याचे चित्र काढून खालच्या खिशात टाकते आणि पुढच्या चित्राकडे वळते. ज्याला चित्र उमगत नाही त्याच्या हाती वस्तूच देतात; चमचा म्हणजे जेवण. ज्याला वाचता येते त्याला शब्दांची यादी पुरते. विशेष शिक्षक याला ‘व्हिज्युअल शेड्यूल’ म्हणतात. आपण चित्र-वेळापत्रक म्हणू. इतक्या साध्या साधनाला इतिहास तो काय असणार, असे वाटेल. पण या पट्टीमागे एक जुना खटला आहे आणि त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात आई उभी होती.

अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ‘ऑटिझम’ला वैद्यकात स्वतंत्र ओळख मिळाली ती या लेखाने. मुलांमधले हे वेगळेपण उपजत असावे, असे कॅनर यांनी त्यात म्हटले होते. त्याचबरोबर त्यांचे आईवडील फारसे मायाळू नाहीत, अशीही नोंद केली होती. पुढे रुजली ती ही दुसरी नोंद. शिकागोत अशा मुलांची निवासी शाळा चालवणाऱ्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ हे पुस्तक लिहिले. मूल नसते तर बरे, या आईवडिलांच्या सुप्त इच्छेत त्यांनी स्वमग्नतेचे मूळ शोधले. ते स्वतः डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या नाझी छळछावण्यांत कैदी होते. छावणीतल्या खचलेल्या कैद्यांची अवस्था त्यांना या मुलांत दिसली. मग मुलाला आईवडिलांपासून दूर ठेवणे हाच उपचार ठरला.

या मताला सर्वांत चिवट विरोध केला तोही नाझी जर्मनीतून आलेल्या एका निर्वासितानेच. एरिक शॉप्लर यांचा जन्म १९२७ साली फ्यूर्थ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. १९३८ साली हे कुटुंब अमेरिकेत आले. शॉप्लर शिकले शिकागो विद्यापीठात, म्हणजे बेटेलहाइम यांच्याच अंगणात. १९६४ साली ते नॉर्थ कॅरोलायनातील चॅपल हिल येथे गेले आणि १९६६ पासून रॉबर्ट राइकलर यांच्यासह त्यांनी एक प्रयोग सुरू केला. शिक्षक मुलाला कसे शिकवतात हे आईवडील एकतर्फी काचेमागून पाहत आणि तेच घरी करीत. नंतर ते शिकवीत आणि शिक्षक पाहत. कालपर्यंतचे आरोपी आता सहउपचारक झाले होते. अशा आईवडिलांना बळीचा बकरा केले गेले, हे शॉप्लर यांनी १९७१ साली उघडपणे लिहिले. त्याआधी १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त केले होते.

दोष कुणाचा, हा प्रश्न बाजूला झाल्यावर खरा प्रश्न समोर आला: या मुलाला नेमके काय कळते? अनेक स्वमग्न मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले लवकर समजते. बोललेला शब्द हवेत विरतो. चित्र थांबून राहते, पुन्हा पाहता येते. ‘नंतर’ म्हणजे कधी, हे ज्याला कळत नाही त्याला झोपाळा डब्यानंतर आहे हे पट्टीवर दिसते. आज झोपाळा नसेल तर चित्र आधीच बदलता येते आणि बदल अंगावर कोसळत नाही. शॉप्लर आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली आखीव आणि मोकळ्या तासांची तुलना केली, तेव्हा आखीव तासांत मुले अधिक रमल्याचे दिसले. पालकांनी राज्याच्या विधिमंडळाकडे पाठपुरावा केला आणि १९७२ साली ‘टीच’ हा कार्यक्रम नॉर्थ कॅरोलायनात राज्यभर लागू झाला. चित्र-वेळापत्रकाचा जगभर प्रसार झाला तो मुख्यतः याच कार्यक्रमातून.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत तिला जागा मिळाली. कायदा पुढे गेला, तरी घराघरांतला खटला अजून निकाली निघालेला नाही. ‘आई नोकरी करते ना, म्हणून’, ‘लहानपणी मोबाइल हातात दिला, म्हणून’ ही वाक्ये आजही ऐकू येतात. बेटेलहाइम यांचे नाव न ऐकलेली माणसे त्यांचाच निकाल वाचून दाखवत असतात.

म्हणून या पट्टीकडे केवळ शिकवण्याची युक्ती म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. पुठ्ठा, कात्री, जुनी छायाचित्रे आणि थोडा डिंक एवढ्यावर आई ती स्वयंपाकघराच्या भिंतीवरही करू शकते. ज्या बाईला मुलापासून दूर ठेवणे हा एकेकाळी उपचार होता, तिच्याच हातांनी त्या मुलाचा दिवस आता आखला जातो.