साहेबाची माशी

मराठी माणूस माशा मारतो, इंग्रज माणूस माशी बांधतो. बांधतो म्हणजे काय, तर लोखंडी गळाला रेशीम, चांदीची तार आणि पिसे गुंडाळून एक खोटा किडा तयार करतो आणि तो दोरीला लावून नदीवर जातो. माशीने मासा धरायचा! आमच्या व्याकरणाच्या मास्तरांनाही हा लिंगविचार सुचला नसता.

पण काम किरकोळ नव्हे. एकोणिसाव्या शतकात सामन माशासाठी 'जॉक स्कॉट' नावाची एक माशी निघाली. तिच्या अंगावर अमेरिकेतल्या टूकनची पिसे, चीनच्या सोनेरी फेझंटचा तुरा, शहामृगाचे तंतू, मोराचे पीस आणि दोन्ही बाजूंना आपल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेची पिसे. लग्नातल्या नवरीलाही एवढा साज नसतो. (गंमत अशी, की समुद्रातून नदीत परतलेला सामन काही खातच नाही म्हणे. हे सगळं बघून तो चिडत असावा.) रानकोंबड्याच्या त्या पिसांवर मेण ओतल्यासारखे चकचकीत ठिपके असतात. तेवढ्या ठिपक्यांपायी सह्याद्रीतल्या कोंबड्याची मान स्कॉटलंडला पोचली.

मग साहेब हिंदुस्थानात नोकरीला आला, तो गळाचे सामान घेऊनच. मद्रास इलाख्यातल्या थॉमस नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' असा या विषयावर ग्रंथच लिहिला. आमच्या नाशिकशेजारी देवळालीच्या छावणीत विलायतेच्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर महिनोन् महिने बसत. इतके कंटाळत, की वेड लागण्याला इंग्रजीत 'डूलाली' हा शब्दच पडला. आमच्या गावाने इंग्रजीला दिलेली ही देणगी.

याच देवळालीत एका वृद्ध पारशी गृहस्थांकडे मी आणि सौ.ने माशांची एक जुनी पत्र्याची डबी पाहिली. तरुणपणी ते दारणा धरणावर गळ टाकून बसत. तिथून वर इगतपुरीला पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या पुढे. म्हणजे मासा मिळो न मिळो, माशी ओली होणारच.

"ओली माशी डबीत ठेवायची नाय," बावाजी म्हणाले. "गळ गंजते, गंज पिसात उतरते. गोड्या पाण्यात धुवायची, रातभर सावलीत सुकवायची. उन्हात रंग उडते."

"पैठणीचंही तेच," सौ. म्हणाली.

मी हसलो, पण ती बरोबर होती. येवला आमच्याच जिल्ह्यात. रेशीम तिथेही, चांदीची जर तिथेही, मोरसुद्धा तिथे. फक्त पैठणीवरचा मोर विणलेला, त्याला कुणी उपटलेला नाही. तिच्या मते जर काळी पडते म्हणून डांबरगोळी अंगाला लागू द्यायची नाही, पातळ कापडात बांधून बाजूला ठेवायची. बावाजींच्या डबीत कापूर अस्साच पुरचुंडीत होता! शत्रूही एकच, कसर. लोकर आणि पिसे पचवणारे पोट देवाने फार थोड्यांना दिले. कसरीच्या अळीला ते आहे. त्यातून वस्त्राला घामाचा आणि माशीला माशाच्या बुळबुळीचा वास राहिला, की तिला पंगतच.

एवढी जपणूक कशासाठी, तर यातली काही पिसे आता सहज मिळत नाहीत. १९०२ साली सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली, १९२१ साली विलायतेने आयातबंदीचा कायदा केला, १९७२ साली आपला वन्यजीव कायदा आला. तरी हौस जात नाही. २००९ साली इंग्लंडात ट्रिंगच्या संग्रहालयातून एका बासरी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने २९९ पक्ष्यांची कातडी पळवली. माशा बांधणाऱ्या शौकिनांना विकण्यासाठी! त्यात वॉलेससाहेबाने मलायाकडून आणलेले पक्षीही होते. दीडशे वर्षे कसरीपासून राखलेला ठेवा माणसाने खाल्ला.

रानकोंबड्याला स्वतःला ही उठाठेव नाही. तो पावसात भिजतो, अंग झाडतो, शेपटीजवळचे तेल चोचीने पिसांना लावतो आणि चरायला लागतो.

बावाजींनी डबी मिटली आणि सौ.ला विचारलं, "बाई, पन तुमच्या पैठनीला गळ कुठे असते?"

"असतो की," ती म्हणाली, "दुकानात शिरलं, की यांना लागतो."