मिशिगनने फाशीला घातलेलं कुलूप

आयुष्यभर फौजदारी कोर्टात काळा कोट झिजवल्यामुळे फाशीच्या कायद्यांचा इतिहास वाचायची मला खोड लागली. त्यातलं माझं आवडतं प्रकरण अमेरिकेतल्या मिशिगनचं.

२४ सप्टेंबर १८३०. डेट्रॉइटमध्ये स्टीफन सिमन्स या गुत्तेवाल्याला जाहीर फाशी होती. दारूच्या नशेत त्याने बायकोचा जीव घेतला होता. शेरीफ थॉमस नॅपने हे काम करायला साफ नकार दिला, तेव्हा बेंजामिन वुडवर्थ हा हॉटेलवाला हौसेने पुढे सरसावला. लोकांना बसायला फळ्यांची आसनं उभारली, बँड आणला. जत्राच म्हणा ना! सिमन्सने मात्र फासाखाली उभं राहून शांतपणे प्रार्थनागीत म्हटलं, आणि तमाशा बघायला आलेली गर्दी ओशाळली. मिशिगन तेव्हा राज्यही झालं नव्हतं. झालं १८३७ मध्ये. आणि राज्य म्हणून त्याने आजवर एकालाही फासावर चढवलेलं नाही.

डेट्रॉइटसमोरच्या नदीपलीकडे कॅनडात पॅट्रिक फिट्झपॅट्रिकला फाशी दिल्यावर काही वर्षांनी भलत्यानेच मरतेवेळी त्या गुन्ह्याची कबुली दिली. या गोष्टी लोकांच्या तोंडी होत्या. १८४६ मध्ये विधिमंडळाने खुनासाठी फाशी रद्द केली. १ मार्च १८४७ पासून कायदा लागू झाला. राजद्रोहाचा अपवाद तेवढा कागदावर राहिला.

पण कायदाच तो! आज केला, उद्या साध्या बहुमताने फिरवता येतो. एखादा भीषण खून झाला की ‘लटकवा’ ही आरोळी तिकडेही उठायचीच. म्हणून १९६१-६२ च्या घटना परिषदेत युजीन वँगर या तरुण वकिलाने प्रस्ताव मांडला: मृत्युदंडाची तरतूद करणारा कोणताही कायदा करता येणार नाही. एका ओळीचं कलम. राजद्रोहाची फटही त्यात बुजली. हे कलम घेऊन नवी राज्यघटना १ जानेवारी १९६४ ला अमलात आली.

संघराज्याच्या कायद्यापुढे मात्र हे कुलूप चालत नाही. १९३८ मध्ये गव्हर्नर फ्रँक मर्फींचा विरोध डावलून अँथनी चेबाटोरिसला मिशिगनच्याच मायलन तुरुंगात केंद्राने फाशी दिली होती.

आपल्याकडे फाशीसाठी गुन्हा ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ आहे का, हे ठरवायचं ओझं न्यायाधीशावर आहे. तो निकष प्रत्येक कोर्टात वेगळा लागताना मी पाहिलाय. मला मिशिगनचा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. तिथे फाशी परत आणायची, तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं किंवा नागरिकांच्या सह्यांची याचिका लागते, आणि त्यानंतर मतदारांचा कौल घ्यावाच लागतो.