परतावा म्हणजे बक्षीस नव्हे

आमचा एक विद्यार्थी इंग्लंडमधली नोकरी आटोपून परतला. काही महिन्यांनी तिथल्या करखात्याकडून त्याला पैसे आले. पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "सर, इंग्लंडच्या सरकारनं बक्षीस दिलं!" पेढा आम्ही खाल्ला, पण 'बक्षीस' हा शब्द काही घशाखाली उतरेना. त्या शब्दापायीच आजचा विषय.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लाखो कामगार पहिल्यांदाच आयकराच्या कक्षेत आले. त्यांना एकरकमी कर भरणं कसं जमावं? म्हणून १९४४ पासून दर पगारातूनच चालू वर्षाचा कर कापायची पद्धत आली. अमेरिकेनं तेच १९४३ मध्ये केलं. जर्मनीत तर पगारातली कपात १९२० पासूनच होती. आता यातली गोम पाहा. कर वर्षाच्या उत्पन्नावर आणि कपात महिन्याच्या पगारावर! म्हणजे कपात हा अंदाजच झाला.

समजा, महिना ३,००० पौंड पगार. तिथं वर्षाला १२,५७० पौंड करमुक्त; त्याचा बारावा हिस्सा दरमहा सोडून उरलेल्यावर २० टक्के कापतात. सहा महिन्यांत कापले गेले २,३४३ पौंड. माणूस नोकरी सोडून मायदेशी आला. त्या वर्षी तो तिथला रहिवासी ठरत असेल, तर पूर्ण वर्षाची सूट १८,००० मधून वजा होते आणि खरा कर निघतो १,०८६. उरलेले १,२५७ परत. ते त्याचेच होते की!

पण कथा इथं संपत नाही. घाम गाळला एका देशात, घर दुसऱ्या देशात. मग कर कोणाचा? पहिल्या महायुद्धानंतर कराचे दर वाढले आणि हा प्रश्न पेटला. राष्ट्रसंघानं तो चार अर्थतज्ज्ञांकडे सोपवला: ब्रुइन्स, एइनाउदी, सेलिग्मन आणि स्टॅम्प. यातले एइनाउदी पुढं इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९२३ च्या अहवालात त्यांनी विचारलं, संपत्ती निर्माण कुठं होते, असते कुठं, तिच्यावरचा हक्क कोण राखतो आणि ती खर्च कुठं होते? म्हणजे प्रश्न नुसत्या नागरिकत्वाचा नाही, आर्थिक बांधिलकीचा आहे. अमेरिका मात्र परदेशी राहणाऱ्या आपल्या नागरिकांवरही कर लावते.

दुहेरी कर टाळण्याचे करार पुढं याच विचारातून वाढले. भारत आणि ब्रिटन यांच्यातला सध्याचा करार १९९३ चा. आमचा विद्यार्थी १ ऑक्टोबरला मुंबईत उतरला. ३१ मार्चपर्यंत मोजा, बरोबर १८२ दिवस! तो भारताचा रहिवासी ठरला. तिथला पगार इथंही दाखवायचा आणि तिथं भरलेल्या कराची वजावट मागायची. त्यानं वजावट मागितली होती पगाराच्या कागदावरच्या पूर्ण कपातीची. म्हणजे परत मिळालेले पैसे त्यानं इथंही 'भरले' म्हणून सांगितले होते.

आम्ही विचारलं, "अरे, एकच पैसा दोन्ही सरकारांकडून घेणार का?" पोरगा गप्प झाला. आठवड्यानं सुधारित विवरणपत्र भरून आला.

एकाच पैशावर दोनदा कर नको, हा न्याय आपण मागतो. मग एकाच पैशाची दोनदा सूटही नको, हा त्याच न्यायाचा उरलेला अर्धा भाग. तोही आपलाच.