तोफेच्या पल्ल्यातील हिरवळ : कोलकाता आणि मुंबई येथील मैदानांच्या मालकीचा इतिहास

भारतीय महानगरांतील विस्तीर्ण हिरव्या जागा राज्यकर्त्यांच्या सौंदर्यदृष्टीतून किंवा लोकहितबुद्धीतून निर्माण झाल्या, असे सहसा गृहीत धरले जाते. कोलकात्याचे मैदान आणि मुंबईचा एस्प्लनेड यांचा इतिहास या गृहीतकाला छेद देतो. चालून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तटाबाहेरची जमीन उघडी ठेवणे हा युद्धशास्त्राचा नियम होता. गवत हा त्याचा केवळ आनुषंगिक परिणाम.

प्लासीच्या लढाईनंतर (१७५७) नव्या फोर्ट विल्यमची उभारणी सुरू झाली, तेव्हा गोविंदपूर हे नांदते गाव उठवले गेले आणि भोवतालचे रान तोडण्यात आले. मुंबईत निमित्त मराठ्यांचे होते. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर इंग्रजांनी किल्ल्याभोवती खंदक खोदला आणि पुढे तटासमोरील घरे व नारळीची झाडे हटवली. दोन्ही ठिकाणची हिरवळ अशी विस्थापनावर वाढलेली आहे.

उपयोग संपल्यानंतर मात्र दोहोंचे मार्ग वेगळे झाले. बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत (१८६२–६७) मुंबईचा तट पाडला गेला, मोकळ्या झालेल्या सरकारी जमिनीचे भूखंड विकले गेले आणि सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये, म्हणजे नेमके या उलथापालथीच्या काळात प्रसिद्ध झाले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. एस्प्लनेडचे रस्त्यांनी तुकडे झाले. ओव्हल, क्रॉस मैदान आणि आजचे आझाद मैदान हे त्याचेच अवशेष.

या अवशेषांवरही हक्काचा झगडा झालाच. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या युरोपीय सभासदांना पोलोसाठी जागा हवी होती, आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडते अशी एतद्देशीय क्रिकेटपटूंची तक्रार होती. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ च्या आपल्या ग्रंथात हा लढा नोंदवला आहे. तो क्रीडेतिहास म्हणूनच वाचला जातो. वस्तुतः तो जमिनीच्या वादाचा दस्तऐवजही आहे. एका बाजूला सरकारमान्यता, दुसऱ्या बाजूला नुसती वहिवाट. सरकारने पुढे काढलेला तोडगा बोलका आहे : १८८७ मध्ये पारशी जिमखान्याला केनेडी सी-फेसवर जागा मिळाली, नंतर लॉर्ड हॅरिस यांच्या काळात हिंदू आणि मुसलमान जिमखान्यांना. वहिवाटीने सामाईक असलेली हिरवळ जमातवार वाटली गेली.

कोलकात्यात मैदान लष्कराच्या ताब्यातच राहिले. त्याच्या कडेला १९२१ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल खुले झाले आणि फुटबॉल क्लबांचे तंबू उभे राहिले. पण भूखंड पाडून विकण्याची वेळ आली नाही. मुंबईच्या एस्प्लनेडपेक्षा हे मैदान अधिक सलग टिकले, याचे श्रेय नागरी जागृतीपेक्षा जमिनीच्या धन्याला द्यावे लागते, हे मान्य करणे अनेकांना जड जाईल.

हे संरक्षण नागरिकांना फुकट मिळालेले नाही. १९७६ पासून भरणारा कोलकाता पुस्तकमेळा हा मैदानाचा सर्वांत मोठा वाङ्मयीन उपयोग होता. लाखो वाचकांच्या वहिवाटीला जमिनीवरील हक्काचे रूप कधीच आले नाही. २००७ मध्ये पर्यावरणाच्या कारणावरून उच्च न्यायालयाने मनाई केली आणि मेळा मैदानाबाहेर गेला. पुढे २०१८ मध्ये तो सॉल्ट लेकच्या सेंट्रल पार्कमध्ये आला.