अंगठ्याचा भाव आणि वर्गाची पायरी

अंबरनाथच्या कारखान्यांत वावरलेल्या माणसाला १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा पाठ असतो. अंगठा तुटला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, एक डोळा गेला तर ४० टक्के. हिशेब चोख! पण पैसे घ्यायचे आणि घरी बसायचे, असाच त्याचा अर्थ घेतला गेला. त्याच कामगाराचा पांगळा मुलगा कॉलेजात बसावा, हे कायद्याला सुचायला १९९५ साल उजाडले. तेव्हा सरकारी व अनुदानित शिक्षणसंस्थांत अपंगांना ३ टक्के जागा मिळाल्या. २०१६ च्या कायद्याने त्या ५ टक्के केल्या. (आता ‘दिव्यांग’ म्हणतात. म्हणोत बापडे!)

पण जागा मिळाली तरी तिथवर पोचायचे कसे? बदलापूरहून कलिन्याच्या विद्यापीठात जायचे तर लोकलची गर्दी, कुर्ल्याला उतरणे, पुन्हा वाहन, आणि शेवटी जिना. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने अंध विद्यार्थ्यांसाठी २००३ सालीच केंद्र उघडले. ५ टक्क्यांच्या कायद्यासाठी ते थांबले नाही. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्याने नियम निघाल्यापासून ५ वर्षे दिली होती. नियम जून २०१७ चे. ती मुदत २०२२ सालीच संपली. उल्हासनगरात मुलाचा प्रवेश घेताना फीबरोबर रॅम्पचीही चौकशी करा.