थायरॉइडची गोळी, रक्ताचा रिपोर्ट आणि जीवनसत्त्वांची उणीव

थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावलेले रुग्ण लेव्होथायरॉक्सिन ही गोळी वर्षानुवर्षे घेतात. गोळी चालू असताना होणाऱ्या रक्ततपासण्या, त्यांचे अर्थ, आणि त्याच काळात सापडणारी बी-१२, लोह व ड जीवनसत्त्वाची कमतरता या सगळ्यांचा एकमेकांशी असलेला संबंध या नोंदीत दिला आहे. उदाहरणे मुख्यतः सुरत आणि तिथल्या मराठी वस्तीतली आहेत.

उधना-जळगाव लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो कुटुंबे सुरतेत आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावली. यंत्रमाग, रंगाईचे कारखाने, साड्यांचे बाजार हे त्यांचे पोटापाण्याचे ठिकाण. बारा-बारा तासांच्या पाळ्या, पहाटेचा दुधाचा चहा आणि बहुतेक दिवस शाकाहारी ताट हा इथला परिपाठ. या तिन्ही गोष्टी थायरॉइडच्या रिपोर्टात डोकावतात. भारतात या विकाराचे प्रमाण किती आहे याचा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ८ शहरांच्या पाहणीतून येतो. ५,३७६ प्रौढांच्या त्या पाहणीत सुमारे ११ टक्के लोकांमध्ये थायरॉइड मंदावलेला आढळला, आणि त्यांतल्या जवळपास एकतृतीयांश लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. पाहणीत मुंबई, गोवा आणि अहमदाबाद होते. सुरत नव्हते.

टीएसएच वाचताना

रिपोर्टावर सर्वांत आधी नजर जाते ती टीएसएचवर. हे थायरॉइडचे हार्मोन नव्हे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते आणि थायरॉइडला कामाला लावते. कारागीर ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो, तसा शरीरातला थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचे हार्मोन, कमी झाला की टीएसएच चढतो. म्हणून टीएसएच वाढलेला असेल तर हार्मोन कमी पडते आहे, आणि तो तळाला गेला असेल तर गोळी जास्त होते आहे. ‘थायरॉइड वाढलं’ एवढेच ऐकून कोणी आपल्या मनाने गोळी कमी केली तर दुखणे आणखी बळावते.

बहुतेक प्रयोगशाळा टीएसएचची सामान्य मर्यादा साधारण ०.४ ते ४.५ अशी छापतात. सत्तरीपुढच्या माणसाला थोडा वरचा आकडा चालतो. त्याला ओढून खाली आणण्याच्या नादात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. फ्री टी४, म्हणजे रक्तातला मोकळा थायरॉक्सिन, हा गोळी घेणाऱ्यासाठी दुसरा उपयोगी आकडा. टी३ मात्र पॅकेजमध्ये येतो म्हणून छापला जातो. गोळीचा डोस ठरवताना त्याचा उपयोग क्वचितच होतो. अँटी-टीपीओ ही चाचणी दुखण्याचे मूळ सांगते, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटली आहे का ते. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला विकार तो हाच. ही चाचणी एकदा केली की पुरते. तिचा आकडा दर वर्षी मोजून डोस बदलत नाही, पैसे मात्र जातात.

लेव्होथायरॉक्सिनचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ७ दिवस लागतात, आणि पिट्युटरीला नव्या पातळीची सवय व्हायला त्याहून जास्त. म्हणूनच डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवडे थांबून तपासणी करतात. पंधरवड्यातच घाईने केलेला रिपोर्ट अर्धवट चित्र दाखवतो, आणि त्यावरून पुन्हा डोस बदलला तर पुढचे काही महिने आकडे वरखाली होत राहतात. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त, दुपारनंतर कमी असतो. त्यामुळे दोन रिपोर्टांची तुलना करायची तर रक्त दर वेळी साधारण त्याच सुमाराला दिलेले बरे. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी४ तात्पुरता चढलेला असतो. पावसाळ्यात डेंग्यू किंवा मलेरियाने अंथरूण धरलेल्या माणसाची थायरॉइड तपासणी, फार तातडी नसेल तर, पुढे ढकलावी. मोठ्या आजारात हे आकडे ग्रंथीचा दोष नसतानाही बिघडतात.

गोळी पोटात गेल्यावर

रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीतले साधारण ७० ते ८० टक्के औषध आतड्यातून शोषले जाते. पोटात दुसरे काही असेल तर हे प्रमाण घसरते, आणि किती घसरेल याचा रोजचा नेम नसतो. म्हणून पाण्याबरोबर गोळी, मग अर्धा ते एक तास काही नाही, असा नियम आहे. सुरतेत नेमका इथेच घोटाळा होतो. सकाळची पाळी सातची. उठल्याउठल्या चहा, त्याबरोबर खारी नाहीतर फाफडा, आणि त्याच घोटासरशी गोळी. इटलीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले की एस्प्रेसो कॉफीबरोबर घेतलेल्या गोळीचे शोषण घटते. दुधामुळेही ते कमी होते. तेव्हा टीएसएच चढलेला दिसला की पन्नासची गोळी पंचाहत्तरची करण्याआधी ‘गोळी कशाबरोबर घेता?’ हा प्रश्न विचारला जायला हवा. हा प्रश्न फुकटचा आहे आणि बऱ्याचदा उत्तरही त्यातच सापडते.

कॅल्शियम आणि लोह हे खरे अडथळे. पोटात ते लेव्होथायरॉक्सिनला चिकटतात आणि त्याला शोषू देत नाहीत. २००० साली अमेरिकन वैद्यकीय नियतकालिक ‘जामा’मध्ये आलेल्या अभ्यासात २० रुग्णांनी ३ महिने गोळीबरोबर रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेतले, तेव्हा त्यांचा सरासरी टीएसएच १.६ वरून २.७ वर गेला आणि पाचातल्या एकाचा सामान्य मर्यादेबाहेर. उपाय साधा आहे: थायरॉइडची गोळी आणि या गोळ्या यांच्यात ४ तासांचे अंतर. थायरॉइडची सकाळी, कॅल्शियम वा लोहाची दुपारच्या नाहीतर रात्रीच्या जेवणानंतर. सोयाबीनचे पदार्थ आणि इसबगोलसारखे तंतुमय चूर्ण यांनाही सकाळच्या गोळीपासून लांब ठेवावे.

यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला ‘सकाळी उपाशीपोटी’ या सूचनेचा फारसा अर्थ उरत नाही. त्याची सकाळ म्हणजे जेवून झोपण्याची वेळ. अशांसाठी नेदरलँड्समधला २०१०चा अभ्यास कामाचा आहे. झोपण्याआधी गोळी घेणाऱ्यांचे आकडे त्यात सकाळी घेणाऱ्यांपेक्षा चांगले आले. अट एकच, शेवटच्या खाण्यानंतर सुमारे ३ तास गेलेले असावेत. वेळ कोणतीही चालेल. ती डॉक्टरांना सांगून ठरवावी आणि मग पाळावी. गोळीला ऊन, दमट हवा आणि उजेड सोसत नाही, म्हणून बाटली स्वयंपाकघरातल्या ओट्याशी किंवा खिडकीत ठेवू नये. समुद्रालगतच्या सुरतेच्या दमट हवेत ही काळजी जास्तच.

अॅसिडिटीची गोळी हा आणखी एक छुपा भिडू. पँटोप्राझोलसारख्या गोळ्या पोटातले आम्ल कमी करतात आणि लेव्होथायरॉक्सिन नीट विरघळायला ते आम्ल लागते. रोममधल्या संशोधकांनी २००६ मध्ये नोंदवले की जठराला हेलिकोबॅक्टर जंतूची सूज असलेल्या किंवा जठराचे अस्तर झिजलेल्या रुग्णांना २२ ते ३४ टक्के जास्त डोस लागतो. पूर्वी बरोबर बसलेला डोस अचानक अपुरा पडू लागला तर गळ्यातल्या ग्रंथीइतकेच लक्ष पोटाकडे द्यावे लागते, ते यासाठी.

बी-१२

टीएसएच आटोक्यात, तरी थकवा जात नाही. हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, जिभेची आग. ही तक्रार घेऊन येणारे रुग्ण दवाखान्यात नेहमीचे, आणि अशा वेळी थायरॉइडला बोल लावत बसण्यापेक्षा बी-१२ मोजलेले बरे. ही कमतरता आपल्याकडे किती पसरलेली आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले. पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के पुरुषांचे बी-१२ कमी निघाले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. बी-१२ वनस्पतींमध्ये नसते. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून येते. तेव्हा पुण्याचा मध्यमवर्ग आणि सुरतेतली शाकाहारी घरे यांची गोष्ट फार वेगळी असण्याचे कारण नाही.

थायरॉइडशी त्याचे नाते आहारापुरते नाही. हाशिमोतो विकारात प्रतिकारशक्ती कधी कधी जठराच्या अस्तरावरही उलटते, आणि बी-१२ शोषायला लागणारा घटक तिथेच तयार होतो. अशा रुग्णाने कितीही दूध प्यायले तरी बी-१२ भरून निघत नाही. त्याला इंजेक्शन किंवा मोठ्या डोसची गोळी लागते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीच्या गोळ्याही बी-१२ घटवतात. थायरॉइड, साखर आणि अॅसिडिटी अशा तीन गोळ्या ज्याच्या डब्यात आहेत, त्याने बी-१२ची तपासणी टाळू नये. २०० पिकोग्रॅमच्या खालचा आकडा कमतरता दाखवतो. २०० ते ३०० हा सीमेवरचा पट्टा, तिथे लक्षणे आणि होमोसिस्टीनसारख्या जोडचाचणीवरून निर्णय होतो. रक्त तपासायच्या आधीच इंजेक्शन घेतले तर आकडा वर जातो आणि मूळ कमतरता कळतच नाही. आधी रक्त, मग सुई.

लोह आणि ड

थायरॉइड मंदावला की मासिक पाळीत रक्तस्राव वाढतो, त्यातून लोह घटते. उलट बाजूने, हार्मोन बनवणाऱ्या थायरॉइड पेरॉक्सिडेज या विकराला काम करायला लोह लागते. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा संपलेला असू शकतो, म्हणून फेरिटिन मोजतात. सूज किंवा ताप असताना फेरिटिन खोटे वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

ड जीवनसत्त्वाविषयी बोलले जाते फार, पण थायरॉइडच्या संदर्भात सांगण्यासारखे थोडेच आहे. हाशिमोतोच्या रुग्णांमध्ये ते कमी आढळते हे खरे. ते भरून काढल्याने थायरॉइड बरा होतो असे मात्र सिद्ध झालेले नाही. कमी असेल तर हाडांसाठी आणि स्नायूंसाठी घ्यावे. भरउन्हाच्या शहरात ड कमी कसे, याचे उत्तर मागावर आणि दुकानात बंद छताखाली जाणाऱ्या दिवसात आहे. आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी रोज घेतल्याने रक्तातले कॅल्शियम धोकादायकरीत्या वाढते, तेव्हा चिठ्ठीवरचा ‘आठवड्यातून एकदा’ हा शब्द नीट वाचावा.

बायोटिनचा चकवा

थायरॉइडमध्ये केस गळतात. केसांसाठी बायोटिन घेतले जाते. आणि बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट खोटा येतो. अनेक यंत्रे चाचणीतच बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांची जोडी वापरतात. रक्तात बायोटिन भरपूर असेल तर टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटा जास्त दिसतो. कागदावर रुग्णाला गोळी जास्त झाल्यासारखे वाटते, डोस कमी केला जातो, आणि केस आणखी गळू लागतात. काही यंत्रांवर बी-१२ आणि ड यांचे आकडेही याच कारणाने फुगतात. शरीराची रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅमच्या घरात, तर केसांच्या गोळीत ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला. तपासणीआधी किमान २ दिवस बायोटिन बंद ठेवावे. डोस फार मोठा असेल तर त्याहून जास्त.

एकाच सुईत थायरॉइड, बी-१२, ड आणि लोह मोजणारी पॅकेजेस आता सर्रास मिळतात. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये मुंबईत थायरोकेअर सुरू केली ती आधी थायरॉइडच्याच तपासण्यांसाठी. गावोगावचे नमुने एका मध्यवर्ती प्रयोगशाळेत आणून दर खाली आणण्याची पद्धत तिने रुळवली. स्वस्ताईचा फायदा खरा. पण रक्त घ्यायला घरी आलेला मुलगा केसांच्या गोळीबद्दल विचारत नाही. ते रुग्णानेच सांगायचे असते.

आयोडीन

सुरतेच्या आग्नेयेला, नाशिकला लागून असलेल्या आणि १९६० मध्ये गुजरातकडे गेलेल्या डांग जिल्ह्यात थायरॉइडला लागणाऱ्या आयोडीनच्या कमतरतेची पाहणी झाली होती. बडोदा आणि डांग यांचे निष्कर्ष २००१ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये आले. देशातले सर्वाधिक मीठ गुजरातेत पिकते आणि त्याच राज्यात ही पाहणी करावी लागली. खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावरची बंदी २००० मध्ये उठली होती, ती २००६ मध्ये पुन्हा आली. गोळी चालू असलेल्या रुग्णाने मात्र आयोडीनचे थेंब वा समुद्री शेवाळाच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. हाशिमोतो विकारात जादा आयोडीन ग्रंथीला आणखी दाबते. स्वयंपाकातले आयोडीनयुक्त मीठ पुरेसे असते.

गर्भारपण

पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. गोळी घेणाऱ्या स्त्रीची गरज या काळात साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, आणि ती वाढ पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच सुरू होते. पुढे निम्मे दिवस भरेपर्यंत दर ४ आठवड्यांनी टीएसएच पाहतात. गर्भारपणात सर्वांना लोह आणि कॅल्शियम दिले जाते, म्हणून ४ तासांच्या अंतराचा नियम इथे सर्वांत काटेकोर पाळायचा असतो. दिवस राहिले म्हणून गोळी बंद करणे ही मोठी चूक आहे. ती गर्भारपणात आणि अंगावर पाजतानाही सुरक्षित आहे. पाळी चुकल्याचे लक्षात येताच, नाव नोंदणीची वाट न पाहता, टीएसएच करून डॉक्टरांना दाखवावा.